श्वसनमार्गातील रोपणासाठी विरघळणारे आणि कायम राहणारे तंतू : एकाच चाचणीने तुलना करता येईल का?

प्रश्न : पदव्युत्तर विद्यार्थिनी, जैववैद्यकीय अभियांत्रिकी

नमस्कार. माझ्या प्रबंधाचा विषय मृदू टाळूत बसवायच्या तंतुरूप रोपणांचा आहे. घोरणाऱ्या आणि सौम्य स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अधूनमधून अडण्याचा विकार) असलेल्या रुग्णांमध्ये झोपेत सैल पडणारा टाळूचा मागचा भाग थोडा ताठ करावा, हा या रोपणांचा हेतू असतो. त्यासाठी मी दोन पदार्थ शेजारी शेजारी तपासत आहे. एक म्हणजे शरीरात हळूहळू विरघळणारा पॉलिडायॉक्सॅनोनचा, अर्थात पीडीओचा, एकेरी तंतू. आणि दुसरा म्हणजे कायम राहणारी पॉलिएस्टरची, अर्थात पीईटीची, अनेक बारीक तंतूंची वेणी.

दोन्हींचे तुकडे मी ३७ अंश सेल्सिअसच्या, ७.४ पीएच असलेल्या फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर राखणाऱ्या द्रावणात, ठेवते, ठरावीक काळाने बाहेर काढते, वाळवते, वजन करते आणि ताणचाचणी यंत्रावर तोडून पाहते. सहा आठवड्यांनंतर पीईटीच्या शक्तीत नोंद घ्यावी असा फरक पडलेला नाही. पीडीओची तोडशक्ती मात्र सुरुवातीच्या जेमतेम एक चतुर्थांशावर आली आहे, आणि तरीही त्याचे वजन जवळजवळ होते तेवढेच आहे. या आकड्यांवरून पीईटी सरस असल्याचे लिहून मोकळे व्हावे, असे आमच्या गटातील काहींचे मत आहे. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो, पण त्यावरचा आक्षेप नीट मांडता येत नाही.

शक्ती घटली आणि वजन घटले नाही, हा मोजमापातील दोष समजावा का? दोन्ही तंतूंना एकच पद्धत लावणे योग्य आहे का? तापमान वाढवून पीडीओची चाचणी लवकर उरकता येईल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : बहुवारिक पदार्थांची चाचणी करणारा

आपल्या शेवटच्या वाक्यांपासूनच सुरुवात करतो, कारण तिथे बहुतेकांचा गोंधळ होतो. शक्ती आधी जाते आणि वजन नंतर, हा दोष नसून या वर्गातील पदार्थांचा स्वभाव आहे. पाणी तंतूच्या आत शिरते आणि लांब रेणुसाखळ्यांतील एस्टर बंध मध्येच कुठेतरी तोडते. त्यामुळे सरासरी रेणुभार पहिल्या दिवसांपासून घसरू लागतो, पण तुटलेले तुकडे अजून इतके मोठे असतात की ते पाण्यात विरघळून बाहेर पडू शकत नाहीत. म्हणून वजन जागच्या जागी राहते आणि शक्ती मात्र घसरत जाते. पाण्याचा हल्ला प्रथम अस्फटिकी, म्हणजे साखळ्या विस्कळीत असलेल्या, भागांवर होतो आणि स्फटिकी भागांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या साखळ्या तिथेच असतात, हे लक्षात घेतले की वजन न घटताही तंतू इतका दुबळा कसा होतो ते उलगडते. पीडीओची सर्वसाधारण वाटचाल अशी असते की चार आठवड्यांच्या सुमारास निम्मी आणि सहा आठवड्यांच्या सुमारास एक चतुर्थांश शक्ती उरते, तर पदार्थ पूर्णपणे शोषला जायला सहा ते सात महिने लागतात. आपले आकडे याच वाटेवर आहेत, त्यामुळे ते संशयास्पद नाहीत. मात्र रेणुभार किंवा निदान द्रावणाची अंतर्भूत श्यानता (रेणुभाराचा अंदाज देणारा दाटपणा) मोजल्याशिवाय ही गोष्ट अर्धवटच राहते. पहिल्या दोन आठवड्यांत वजन आणि काही अंशी शक्तीही गप्प असताना रेणुभारच काय घडते आहे ते सांगतो.

आता पद्धतीविषयी. आपण नमुने वाळवून मग तोडता, हे मला सर्वांत आधी बदलावेसे वाटते. शरीरात तंतू कधीच कोरडा नसतो. पाणी बहुवारिकात, म्हणजे पॉलिमरमध्ये, शिरून त्याला मऊ करते. नमुना वाळवला की तो परिणाम निघून जातो आणि अर्धवट झिजलेला तंतू ठिसूळ होऊन यंत्रावर भलतेच वागतो. वजनासाठी आणि रेणुभारासाठी वेगळे नमुने ठेवावेत व ते स्वच्छ पाण्याने धुऊन निर्वातात स्थिर वजनापर्यंत वाळवावेत. धुणे राहिले तर बफरमधील क्षारांचे स्फटिक पृष्ठभागावर बसतात आणि वजन वाढल्यासारखे दिसते. ताणचाचणीचे नमुने मात्र बफरमधून काढून ओलेच लावावेत, आणि शक्य असेल तर ३७ अंशांच्या पाण्याच्या कुंडातच तोडावेत.

तंतू कुठे तुटला याची नोंद प्रत्येक नमुन्यासाठी ठेवा. सपाट जबड्यात घट्ट आवळलेला ओला पीडीओ तंतू जबड्याच्या काठाशीच चेपतो आणि तिथेच तुटतो. मग आपण तंतूची शक्ती मोजत नसून आवळण्याची इजा मोजत असतो. तंतू गुळगुळीत दंडगोलावर काही वेढे देऊन धरला की ताण हळूहळू चढतो आणि तुटण्याची जागा मधल्या मोकळ्या लांबीत येते. जबड्यापाशी तुटलेले नमुने सरासरीत धरू नयेत, पण ते किती होते हे अहवालात लिहावे. पाचव्या-सहाव्या आठवड्यातील तंतू तोडण्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली जरूर पाहा. पृष्ठभागावर अक्षाला आडव्या जाणाऱ्या बारीक भेगा दिसू लागल्या असतील, तर शक्तीच्या आकड्यांतील वाढता विखुरलेपणा कुठून आला याचे उत्तर तिथेच मिळेल.

बफरचे प्रमाणही तपासा. एक ग्रॅम तंतूला निदान ३० मिलिलिटर बफर असावा आणि पीएच ठरावीक काळाने मोजून घसरल्यास द्रावण बदलावे. झिजेतून आम्लधर्मी घटक बाहेर पडतात. द्रावण कमी असेल तर ते साचतात आणि पुढील झीज तेच वेगाने घडवून आणतात. मग आपला आलेख तंतूचा न राहता बाटलीचा होतो.

निर्जंतुकीकरणाचा उल्लेख आपल्या प्रश्नात नाही, म्हणून विचारतो : बफरमध्ये ठेवलेले तंतू निर्जंतुक केलेले होते का? रुग्णाच्या टाळूत जाणारा तंतू त्या प्रक्रियेतून गेलेलाच असणार, त्यामुळे झिजेचा शून्य दिवस तिथूनच मोजायला हवा. गॅमा किरणांची नेहमीची २५ किलोग्रेची मात्रा पीडीओ, पीजीए (पॉलिग्लायकोलिक आम्ल), पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल) यांसारख्या विरघळणाऱ्या पदार्थांच्या साखळ्या तोडून रेणुभार सुरुवातीलाच खाली आणते, आणि वाफेत तर ते टिकतच नाहीत. म्हणून इथे इथिलीन ऑक्साइड वापरतात. पण त्या चक्रातही उष्णता आणि आर्द्रता असते, त्यामुळे नंतर कसून वाळवणे आणि ओलावा शिरणार नाही अशा धातूच्या पातळ पाकिटात ठेवणे आवश्यक असते. पीईटी या बाबतीत कितीतरी सोशिक आहे. तरीही दोघांना एकाच चक्रातून न्या, म्हणजे तुलनेत हा एक फरक तरी शिल्लक राहणार नाही.

तापमान वाढवून वेळ वाचवण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पीएलएसाठीच्या आयएसओ १३७८१ या आंतरराष्ट्रीय मानकात ७० अंशांवरील वेगवान झिजेची पद्धत दिलेली आहे, पण पीएलएचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या वर काचेसारखा कडक पदार्थ मऊ होतो ते तापमान, साधारण ६० ते ६५ अंश असल्यामुळे त्या तापमानाला पदार्थाची अवस्थाच बदललेली असते. पीजीएचे काचसंक्रमण तर ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान, म्हणजे शरीराच्या तापमानालगतच असते. पीडीओ ३७ अंशांवरही आधीच त्या तापमानाच्या वर असल्यामुळे ही विशिष्ट अडचण त्याला कमी भोवते, तरी उष्णतेने स्फटिकी भागाची रचना बदलते. वेगवान चाचणी एका लॉटची दुसऱ्या लॉटशी तुलना करायला उपयोगी पडते. ‘टाळूत हा तंतू अमुक आठवडे टिकेल’ हे विधान मात्र ३७ अंशांवर, प्रत्यक्ष तेवढे आठवडे थांबूनच करता येते.

उत्तर : कान-नाक-घसा शल्यचिकित्सक

वरील उत्तर पदार्थाच्या बाजूने नेमके आहे. मी रुग्णाच्या बाजूने काही भर घालतो, कारण माझ्या मते ‘पीईटी सरस’ हा निष्कर्ष चुकतो तो इथेच. टाळूतील रोपणाने काय करायचे आहे हे ठरवल्याशिवाय सरस-निरस ठरवता येत नाही.

पीईटीचे रोपण नवीन नाही. पिलर या व्यापारी नावाची, १८ मिलिमीटर लांबीच्या पीईटीच्या वेणीची रोपणे अमेरिकेत घोरण्यासाठी २००२ मध्ये आणि स्लीप ॲप्नियासाठी २००४ मध्ये एफडीए या तिथल्या औषध व वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेच्या मंजुरीने वापरात आली. सामान्यतः तीन रोपणे मृदू टाळूत, कठीण टाळूच्या कडेलगत ठेवली जात. त्या रोपणाची स्वतःची ताठरता हा परिणामाचा एक भाग होता. वेणीच्या आत-बाहेर वाढणारी तंतुमय ऊती हा दुसरा, आणि माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग. त्याची सर्वांत परिचित गुंतागुंत म्हणजे रोपण श्लेष्मल आवरणातून बाहेर डोकावणे किंवा गळून पडणे. ती टाळण्यात आपल्या ताणचाचणीतील न बदललेला आकडा काहीही मदत करत नाही. पीईटी तुटल्यामुळे टाळूतील रोपण वाया जात नाही. ते बहुधा वरवर बसवले गेल्यामुळे, हालचालीने सरकल्यामुळे किंवा संसर्गामुळे वाया जाते.

संसर्गाचा प्रश्न वेणीच्या रचनेशी जोडलेला आहे. जिवाणूचा आकार साधारण एक मायक्रॉनचा, तर त्याला गिळणारी मॅक्रोफेज पेशी दहा मायक्रॉनहून मोठी. तंतूंमधल्या फटी या दोन आकारांच्या मधल्या असतील, तर जिवाणूला आसरा मिळतो आणि पेशीला आत शिरता येत नाही. हर्नियाच्या जाळ्यांसाठी दहा मायक्रॉनखालील छिद्रांचा वेगळा वर्ग याच कारणाने केला गेला. तोंड आणि घसा हा निर्जंतुक प्रदेश नव्हे, आणि वेणी ओलावा वातीसारखी आत खेचते. एकेरी पीडीओ तंतूला फटीच नसतात, शिवाय काही महिन्यांनी तो उरतच नाही. आपल्या तुलनेत एकेरी तंतू आणि वेणी हा रचनेतील फरक आणि विरघळणे की टिकणे हा पदार्थातील फरक, असे दोन्ही एकदम बदलले आहेत. एकेरी पीईटी तंतूचा तिसरा गट ठेवल्याशिवाय कोणत्या फरकाचा परिणाम कोणता, हे आपल्याला सांगता येणार नाही. हा गट जरूर ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

श्वसनमार्गात ‘कायम’ या गोष्टीची किंमत मोठी असते. सौम्य, म्हणजे कर्करोगाव्यतिरिक्त कारणाने अरुंद झालेल्या श्वासनलिकेत धातूचे स्टेंट बसवण्याविषयी एफडीएने २००५ मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती. ग्रॅन्युलेशन ऊती (जखम भरताना येणारी मांसल ऊती) वाढणे, स्टेंट मोडणे, जागचा हलणे आणि काढताना इजा होणे या त्यामागच्या तक्रारी होत्या. उलट बाजूचे उदाहरण मिशिगन विद्यापीठातील आहे. तिथे २०१२ मध्ये एका बालकाच्या कोसळणाऱ्या श्वासनलिका-शाखेवर बाहेरून पॉलिकॅप्रोलॅक्टोनची आधारपट्टी बसवली गेली. तो पदार्थ निवडण्यामागे मुलाची श्वासनलिका वाढून स्वतः ताठ होण्यास दोन-तीन वर्षे लागतील हा हिशेब होता. पदार्थ किती काळ टिकावा याचे उत्तर अशा रीतीने शरीराकडून यावे लागते. पीडीओ सहा आठवड्यांत दुबळा झाला, हा त्याचा दोष तेव्हाच ठरतो जेव्हा तोवर भोवतालची ऊती पुरेशी ताठ झालेली नसते.

प्रश्नकर्ती

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभारी आहे. तंतू निर्जंतुक केलेले नव्हते. आता दोन्ही एकाच इथिलीन ऑक्साइड चक्रातून नेऊन नव्याने सुरुवात करीन आणि एकेरी पीईटीचा गटही घेईन.

एक शंका उरते. टाळू रात्रभर कंप पावतो, मग एकदा ओढून तोडण्याऐवजी वारंवार वाकवून पाहावे का? आणि तसे असेल तर किती वेळा?

उत्तर : यांत्रिक अभियंता, रोपणांच्या फटीग (वारंवार भार देऊन होणाऱ्या) चाचणीचा अनुभव

हो, आणि हा प्रश्न आपण विचारलात याचे समाधान वाटते, कारण टाळूच्या रोपणात ताणशक्तीपेक्षा वाकण्याला होणारा विरोध अधिक महत्त्वाचा आहे. टाळू रोपणाला लांबीच्या दिशेने क्वचितच ओढतो. तो त्याला वाकवतो. गोल, भरीव तंतूची वाकण्याविरुद्धची ताठरता व्यासाच्या चौथ्या घाताने बदलते. तेवढ्याच छेदक्षेत्राचे एकमेकांवर मोकळे सरकणारे शंभर बारीक तंतू घेतले, तर एकूण ताठरता भरीव तंतूच्या शंभरावा भाग एवढीच उरते, आणि ओढून पाहिल्यास मात्र दोन्ही सारखेच दिसतात. वेणीतील घर्षणामुळे प्रत्यक्षात ती याहून काहीशी अधिक येईल, पण अंदाज बांधायला हा हिशेब पुरतो. म्हणून पहिल्या दिवशी पीडीओचा एकेरी तंतू टाळूला स्वतःच्या अंगाने ताठ करतो आणि पीईटीची वेणी मुख्यतः ऊती येण्याची वाट पाहते. सहा आठवड्यांनी चित्र बरेच वेगळे असेल. ताणचाचणीच्या जोडीला तीन बिंदूंवरील वाकवण्याची चाचणी प्रत्येक टप्प्यावर घ्या, आणि शक्य असल्यास तंतू एखाद्या मऊ जेलमध्ये बसवून, कारण ऊतीच्या आधाराने वागणूक बदलते.

आवर्तनांचा हिशेब दोन पातळ्यांवर करावा लागतो. मिनिटाला १५ श्वास धरले, तर आठ तासांच्या झोपेत ७,२०० आणि वर्षाला सुमारे २६ लाख आवर्तने होतात. घोरताना टाळूचा कंप सेकंदाला काही दशक आवर्तनांचा असतो. ५० हर्ट्झ धरले, तर एका तासाच्या घोरण्यात १ लाख ८० हजार आवर्तने भरतात, म्हणजे श्वासांचा वर्षभराचा आकडा पंधरवड्यातच ओलांडला जातो. पीईटीसाठी ही चाचणी वेगाने चालवता येते. नमुना तापत नाही ना एवढे पाहावे लागते.

पीडीओसाठी मात्र हा मार्ग बंद आहे. त्याच्या बाबतीत आवर्तनांची संख्या आणि पाण्यात घालवलेला वेळ ही दोन वेगळी घड्याळे आहेत, आणि पहिले पळवले तरी दुसरे आपल्या गतीनेच चालते. सहा महिन्यांची आवर्तने दोन दिवसांत पूर्ण केली, तर आपण दोन दिवसांच्या ताज्या तंतूची परीक्षा घेतलेली असते. दोन उपाय आहेत. एक, नमुने बफरमध्ये ठेवूनच त्यांच्यावर कमी वेगाने सतत भार द्यावा. यंत्र महिनोन्‌महिने अडकून राहते, पण उत्तर सर्वांत खरे मिळते. दुसरा, शून्य, दोन, चार आणि सहा आठवडे भिजवलेले वेगवेगळे गट घेऊन प्रत्येकाला पुढच्या टप्प्यापर्यंतच्या आवर्तनांइतका भार द्यावा. यात भाराखाली झीज कदाचित वेगळ्या गतीने होते ही बाब निसटते, म्हणून निदान एक गट तरी कायम वाकवलेल्या स्थितीत भिजत ठेवा. साध्या चौकटीत अडकवूनही ते जमते.

नमुन्यांची संख्या आधीच ठरवा. ९५ टक्के विश्वासाने ९० टक्के विश्वासार्हता (शंभरातले निदान ९० तंतू टिकतील हे) दाखवायची असेल, तर एकही अपयश न येता २९ नमुने पार पडावे लागतात. विश्वासार्हता ९५ टक्के हवी असेल तर ५९. विद्यार्थी प्रकल्पात प्रत्येक टप्प्यावर इतके नमुने झेपणार नाहीत, म्हणून कोणत्या टप्प्यावर ते खरोखर हवेत हे आपल्या मार्गदर्शकांशी बोलून निश्चित करावे. माझे मत विचाराल तर ऊती पुरेशी तयार होण्याची अपेक्षा आहे तो टप्पा निवडा.

उत्तर : ऊतीविकृतिशास्त्राची अभ्यासक

ऊतीचा विषय निघाला आहे म्हणून तेवढ्यापुरते लिहिते. त्वचेच्या जखमेत तीन आठवड्यांनी मूळ शक्तीच्या सुमारे २० टक्के शक्ती येते आणि पूर्ण भरल्यावरही ती ८० टक्क्यांच्या आसपास थांबते. टाळूच्या स्नायूला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत, पण तीन आठवड्यांच्या ऊतीवर सगळा भार सोपवता येत नाही एवढे त्यावरून कळते. पीडीओ त्या वेळी निम्म्याहून अधिक शक्ती राखून असतो, आणि तंतू व ऊती यांच्यातली ही काही आठवड्यांची सोबतच आपल्या प्रयोगात मोजायला हवी.

पुढे प्राण्यांवरील अभ्यास होणार असेल, तर आयएसओ १०९९३ मालिकेच्या सहाव्या भागानुसार दोन्ही पदार्थांचे टप्पे वेगळे ठरतात. कायम राहणाऱ्या पदार्थाची दाहप्रतिक्रिया शमून तिची स्थिर अवस्था आली की नाही हे पाहायचे असते. विरघळणाऱ्या पदार्थाचे टप्पे त्याच्या झिजेशी जोडावे लागतात : झीज नुकतीच सुरू झाली असताना, ती ऐन भरात असताना, आणि पदार्थ जवळजवळ संपल्यावर. मधला टप्पा चुकवू नका. पदार्थाचे तुकडे होऊन मॅक्रोफेज पेशी गोळा होण्याचा तो काळ असतो, आणि सहा आठवड्यांना शांत दिसलेली ऊती चौथ्या महिन्यात पुन्हा चेतलेली दिसू शकते.

पेशीविषारीपणाच्या चाचणीतही एक खाच आहे. पीडीओचा अर्क थोड्या द्रावणात बराच काळ काढला, तर त्याची आम्लता वाढून पेशी मरतात आणि जिवंत पेशींचे प्रमाण ७० टक्क्यांखाली गेले की पदार्थ विषारी म्हणून नोंदवला जातो. शरीरात रक्तप्रवाह ते आम्ल वाहून नेतो. यावर अर्काचा पीएच परस्पर दुरुस्त करून चांगला आकडा सादर करणे योग्य नव्हे. मूळ अर्क आणि पीएच दुरुस्त केलेला अर्क, दोन्हींचे निकाल शेजारी शेजारी द्यावेत, म्हणजे मृत्यूचे कारण आम्लता आहे की आणखी काही, ते वाचणाऱ्याला दिसेल.

प्राण्यांच्या अभ्यासात रोपणाची सुई टोचून, काहीही न ठेवता बाहेर काढलेला एक गट अवश्य असावा. सुईच्या वाटेनेही व्रणऊती तयार होते आणि तीही टाळू ताठ करते. तो गट नसेल, तर मोजलेल्या ताठरतेतील तंतूचा वाटा किती आणि टोचण्याचा किती, हे नंतर कोणत्याही गणिताने वेगळे काढता येत नाही.

प्रश्नकर्ती

सुईचा गट आमच्या आराखड्यात नव्हता. तो मार्गदर्शकांपुढे मांडते. वाकवण्याच्या चाचणीसाठी जेलमध्ये बसवलेले नमुने तयार करायला घेतले आहेत. पीडीओचे जे तंतू अजून वापरायचे आहेत, ते तोवर कसे ठेवावेत?

उत्तर : बहुवारिक पदार्थांची चाचणी करणारा

न उघडलेल्या धातूच्या पाकिटातच ठेवा आणि एका टप्प्याला लागतील तेवढीच पाकिटे उघडा. उघडलेल्या पाकिटातील उरलेला तंतू पुढच्या टप्प्यासाठी वापरू नका, कारण हवेतील ओलाव्याने त्याची झीज तिथेच सुरू होते. सगळे नमुने एकाच लॉटमधले असू द्या, आणि त्या लॉटची दोन-तीन पाकिटे अभ्यास संपेपर्यंत बाजूला राखून ठेवा. शेवटच्या टप्प्यावर ती उघडून सुरुवातीचा रेणुभार पुन्हा मोजा. तो आकडा पहिल्या दिवशीच्या आकड्याशी जुळला, तरच मधल्या महिन्यांतील घसरण बफरमधील आहे, साठवणीतील नाही, असे आपल्याला ठामपणे लिहिता येईल.